मास्तरणीचे शिक्षण आणि मास्तरणीची मजुरी



धाराशिवात उभे राहून शिक्षणाविषयी बोलावयाचे तर तेरचे नाव आधी घेतले पाहिजे. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता कोपऱ्यात पडलेली थापटी पाहून मुक्ताईने विचारले, हे काय आहे? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के, ते हिने कळते. तेव्हा ती पोर म्हणाली, मग आम्हीही मडकीच आहोत, आम्हाला पारखा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले, असे सांगतात.

ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला ती शिक्षकाच्या शिक्षणाची वाटते. परीक्षा घ्या म्हणणारी त्या मंडळीतली सर्वांत लहान मुलगी होती. परीक्षा घेणारा कुंभार होता. त्याचे हात मातीत होते, कागदात नव्हते. आणि कच्च्या ठरलेल्या नामदेवांचे नाव पंढरीच्या पटावरून कोणी कमी केले नाही. औंढ्याला जाऊन येण्याइतका वेळ त्यांना मिळाला. ही थापटी आजच्या व्याख्यानात पुन्हा येणार आहे, म्हणून ती येथे ठेवून पुढे जातो.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: मुलींच्या शाळांत शिकविणाऱ्यांचे शिक्षण. मी म्हणालो, अहो, मी सातवी शिकलेला मनुष्य. साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागलो, युनियनच्या कचेरीत झाडलोट करता करता वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला शिकलो, आणि गेली तीस वर्षे दुसऱ्यांच्या मजुरीचे हिशेब घालीत आलो. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला बोलावतो आहोत. तेव्हा हा इतिहास मजुरीच्या बाजूने पाहिलेला आहे. पंडितांना तो एकांगी वाटेल. वाटो.

माझे गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. थोरली बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि हिशेबात माझ्याहून पुष्कळ हुशार. गावात चौथीपर्यंत शाळा, शिकवायला दोन गुरुजी. पाचवीला दीड कोसावरच्या गावी जावे लागे. १९७७ साली ती चौथी झाली आणि घरी बसली. आईला अक्षर येत नव्हते. बाहत्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलेली. पण मुलीने शिकू नये असे तिचे मत मुळीच नव्हते. ती एवढेच म्हणे, तिथे एखादी बाई असती तर धाडली असती. तिथे बाई नव्हती. तीन वर्षांनी त्याच वाटेने मी शाळेला गेलो, तेव्हा मला कोणी काही विचारले नाही.

बाई का नव्हती, या प्रश्नाचा माग मी फार उशिरा काढायला लागलो.

मुलींच्या शाळेची गोष्ट आपण १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सुरू करतो. शाळा कोणी काढली हे सर्वांना ठाऊक असते. शिकविणारी कशी तयार झाली, हे क्वचितच कोणी विचारतो. सावित्रीबाईंना प्रथम जोतीरावांनी शिकविले. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या स्नेह्यांनी शिकविले. प्रत्यक्ष अध्यापनाचे शिक्षण त्यांनी अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेला त्या काळी नॉर्मल स्कूल म्हणत. मिस सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या; १८२७ साली त्या या देशात आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या. त्यांची नगरची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा झाली. म्हणजे आपली पहिली मास्तरीण घरी, मित्रांकडे आणि परक्या बाईंच्या वर्गात, अशी मिळेल तेथून शिकून उभी राहिली. तिच्यासाठी कोणी कॉलेज बांधून ठेवले नव्हते.

आणि वेतन? शाळांच्या व्यवस्थापक मंडळींच्या त्या वेळच्या अहवालात नोंद आहे की सावित्रीबाई वेतन न घेता काम करीत. १८५२ साली दक्षिणा फंडातून या शाळांना दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात मोठा समारंभ होऊन सरकारतर्फे जोतीरावांना महावस्त्रे देण्यात आली. जोतीरावांचा मान रास्तच होता. परंतु माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या नजरेला दोन रकाने दिसतात: एकात महावस्त्र, दुसऱ्यात बिनपगारी मास्तरीण. शिक्षिकेचा त्याग ही आपल्या मुलींच्या शाळेची पहिली देणगी आहे, आणि पुढे दीडशे वर्षे सर्व सरकारांनी तिच्यावर व्याज खाल्ले आहे.

सावित्रीबाईंचे एक पत्र आहे, १० ऑक्टोबर १८५६ चे. आजारी पडून त्या माहेरी नायगावला होत्या. जोतीरावांना लिहिताना त्या फातिमेची काळजी करतात: आपल्या गैरहजेरीत तिच्यावर भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. मी हे पत्र जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला हजेरीपत्रक दिसते. एक बाई आजारी पडली, बदली शिक्षिका नाही, दुसरीने दोन वर्ग ओढले. कुठल्याही तालुक्याच्या कन्याशाळेत आज जाऊन बसा, हेच पाहायला मिळेल. फातिमा शेख यांच्याविषयी आजकाल पुष्कळ वाद होतात. मला त्या पत्रातली न कुरकुरणारी सहकारीण पुरेशी आहे.

त्या शाळेने काय घडविले याचा दाखला मात्र तीन-सात वर्षांतच मिळाला. १८५५ साली मुक्ता नावाच्या, मांग समाजातील चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आपल्या लोकांचे दुःख तिने स्वतः लिहिले. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे यावर हल्ली जाड जाड पुस्तिका निघतात. मला विचाराल तर हा एक निबंध पुरे.

सरकारने या कामात हात घातला तो बराच उशिरा. १८५४ च्या वुडच्या खलित्यात नॉर्मल स्कूल आणि स्त्रीशिक्षण या दोहोंचीही शिफारस होती, पण दोन्ही एकत्र करून बायकांचे नॉर्मल स्कूल काढण्याची निकड कोणाला वाटली नाही. १८६६ साली ब्रिस्टलहून मेरी कार्पेंटर आल्या. मुलींच्या शाळांत सगळीकडे पुरुष शिकवताहेत आणि म्हणूनच दहा-अकरा वर्षांची झाली की मुलगी नाहीशी होते, हे त्यांनी पाहिले. माझी आई शंभर वर्षांनी हेच बोलली. कार्पेंटरबाईंच्या खटपटीनंतर १८७० साली पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथे कोण शिकायला येई? बहुधा विधवा, आणि मास्तरांच्या बायका. यात एक सोपा हिशेब होता: नवराबायको एकाच गावी नेमता येतात, म्हणजे बाईच्या बिऱ्हाडाचा आणि अब्रूचा प्रश्न सरकारला सोडवावा लागत नाही. हा हिशेब चतुर होता, पण त्यातून एकटी, लग्न न झालेली, कुणब्याची किंवा महाराची मुलगी आपोआप बाहेर राहिली.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे पुण्यात दोन साक्षी झाल्या, त्यांच्यापाशी जरा थांबले पाहिजे. जोतीरावांचे निवेदन मूळ इंग्रजीत आहे. ते मी एका वकील मित्राकडून ओळ न् ओळ उलगडून घेतले. ते म्हणतात, प्राथमिक शाळेचा शिक्षक ट्रेनिंग झालेला असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, आणि त्याचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावी १५ ते २० असावा. ट्रेनिंग आणि पगार हे दोन शब्द ते एका दमात उच्चारतात. पुढच्या काळात शिक्षणतज्ज्ञांनी पहिला शब्द उचलला आणि दुसरा युनियनवाल्यांसाठी सोडून दिला.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. वय चोवीस, नवरा नुकताच वारलेला, कडेवर लहान मुलगी. त्यांनी सांगितले की जिला इतरांना शिकवावयाचे तिला त्या कामाचे खास शिक्षण हवे. तिला आपली भाषा शुद्ध यावी, शिवाय इंग्रजी यावे. शिकताना भरपूर शिष्यवृत्ती मिळावी. राहण्याची सोय कॉलेजच्या आवारातच असावी आणि इमारत ऐसपैस असावी. पुढे त्या जे म्हणाल्या ते ऐकून कमिशनचे सभासद चमकले असतील: मुलींना शिकविणाऱ्या बाईला मुलांना शिकविणाऱ्यापेक्षा अधिक पगार पाहिजे. तपासणीलाही बायकाच हव्यात, कारण सुशिक्षित पुरुष बाईच्या हातून झालेल्या राईएवढ्या चुकीचा पर्वत करतात. या साक्षीत शिक्षिका प्रतिष्ठित घराण्यातली असावी असेही एक वाक्य आहे. तेवढे मला रुचत नाही, तेथे मी जोतीरावांच्या बाजूचा आहे. पण छप्पर, शिष्यवृत्ती, पगार आणि तपासनीस या चार वस्तूंवाचून बाईचे प्रशिक्षण हवेतच राहते, हे १८८२ साली एका बाईने स्वच्छ सांगून ठेवले, आणि आजही एखाद्या शिक्षिका संघटनेने निवेदन लिहावयास घेतले तर यापलीकडे फारसे काही घालावे लागणार नाही.

यानंतरचा पुण्याचा इतिहास आपण पुष्कळ ऐकलेला आहे. रमाबाई रानड्यांचे सेवासदन, अण्णासाहेब कर्व्यांचे हिंगणे, १९१६ चे महिला विद्यापीठ; या संस्थांतून शिकलेल्या बाया महाराष्ट्रभर मुलींच्या शाळांत गेल्या. सेवासदनाची शाखा सोलापुरापर्यंत आली. पण सोलापूर इंग्रजी मुलखात होते, बार्शीही इंग्रजी मुलखात होती, आणि आपण निजामाच्या. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. ती सरहद्द ओलांडून येडशी-ढोकीला थांबत असे, त्यातून कापूस जाई, व्यापारी येत. मास्तरीण मात्र त्या गाडीतून सहसा उतरली नाही.

निजामी राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दूचे. देशी भाषेतून सबंध विद्यापीठ चालविणे ही मोठीच गोष्ट होती, आणि तिचा योग्य तो मान मी ठेवतो. पण मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला ती भाषा परकीच, पोरीला तर दुप्पट परकी. खाजगी शाळा काढावी तर १९२४ नंतर परवानगीचे कडक नियम आडवे येत. अशा स्थितीत मराठी मुलींची शाळा आणि तिच्यासाठी मराठीत तयार झालेली बाई, ही गोष्ट सरकारच्या यादीत फार खाली होती.

या अंधारात आपल्या जिल्ह्यात एक दिवा होता. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी ती काढली. तेथे १९२९ साली मुख्याध्यापक म्हणून आले ते व्यंकटेश खेडगीकर. पुढल्याच वर्षी संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामीजींचे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्य पोरासोरांनाही पाठ आहे. त्यापूर्वी ते काय करीत होते? ना. म. जोश्यांच्या हाताखाली कामगार चळवळीत होते. प्रकृती ढासळली, ते काम सुटले, आणि युनियनचा माणूस हिप्परग्याला येऊन मास्तर झाला. मी हे सांगतो तेव्हा आमच्या कचेरीतल्या पोरांची छाती जरा फुगते. माझीही फुगते, खोटे कशाला बोलू.

पण येथेही हिशेब घातलाच पाहिजे. ती मुख्यतः मुलांची शाळा होती, आणि तिचे शिक्षक जे शिकले ते शाळेत राहून, एकमेकांकडून, अर्धपोटी. संन्याशाला हे जमते, ब्रह्मचाऱ्याला जमते. पदरी पोर असलेल्या बाईला त्यागाच्या पायावर उभी असलेली शाळा आपल्यात घेऊ शकत नाही. ज्या थोर माणसांनी ही शाळा उभी केली त्यांचा हा दोष नव्हे. दोष आपला, की स्वातंत्र्यानंतरही आपण तोच पाया सर्व शाळांना पुरेल असे धरून चाललो.

याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले आणि तेथील शाळेत उतरले. त्या परिषदेचा प्रश्न वतनाचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र मोबदल्यात राबविण्याचा होता. मान देऊन काम काढून घ्यायचे आणि मजुरीच्या वेळी परंपरा दाखवायची, हे वतनाचे मर्म. गुरूच्या आसनावर बसवून बाईला राबविणे मला यापासून फार दूरचे वाटत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. शाळा झपाट्याने वाढल्या, गावोगाव गुरुजी आले. बाई मात्र तालुक्याच्या गावापर्यंतच पोहोचली. कारण तेच. खेड्यात एकट्या बाईला खोली मिळत नसे, मिळाली तर गाव डोळा ठेवी, संडास नसे, शेवटची एसटी चारला जाई. १९६६ साली दोन कागद तयार झाले. एक कोठारी आयोगाचा: प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे. दुसरा त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांच्या शिफारशीचा: नोकरीतील शिक्षकाचे शिक्षण सर्वांना मोफत मिळावे, आणि अभ्यासासाठी पगारी रजा असावी. शिक्षकदिनाची भाषणे आपण सप्टेंबरात करतो. जगाचा शिक्षकदिन या ५ ऑक्टोबरचा आहे. हे दोन्ही कागद लागू झाले असते तर १९७७ साली दीड कोसावरच्या त्या शाळेत बाई असती की नाही, हे मला सांगता येणार नाही. बहुधा तेव्हाही नसती. पण १९८७ साली असती.

१९८७ साली खडू-फळा मोहीम आली. तिने म्हटले, एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्या, आणि शक्यतो ती बाई असू द्या. जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्थाही त्याच धोरणातून निघाली. तिला आपण डाएट म्हणतो. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकरीत बायकांना तीस टक्के जागा राखल्या. मधेच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. उमरगा-सास्तूरच्या बाजूला भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरले. आम्ही युनियनतर्फे धान्य घेऊन गेलो होतो. आई गमावलेल्या मुलींना कसे शिकवावे, हे कुठल्याही डी.एड.च्या पुस्तकात नव्हते. ज्या बायांनी ते केले त्यांना कोणी विचारूनही ठेवले नाही की तुम्ही हे कसे केलेत.

त्यानंतर लगेच जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात तो प्रथम पाच जिल्ह्यांत आला: औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि आपला. या कार्यक्रमासाठी जिल्हे निवडताना स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असणे ही एक मुख्य कसोटी होती. म्हणजे आपली नामुष्की हीच आपली पात्रता ठरली. या कार्यक्रमात पुष्कळ पैसा उधळला गेला, तरी त्याने केलेल्या एका गोष्टीबद्दल मी त्याला शंभर गुन्हे माफ करतो. त्याने प्रशिक्षण तालुक्याला आणि केंद्राच्या गावाला आणले. गट साधन केंद्र, समूह साधन केंद्र ही नावे रुक्ष आहेत; पण त्यामुळे बाई सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी येऊ लागली. रमाबाईंनी छप्पर मागितले होते. ते मिळाले नाही, पण निदान अंतर तरी कमी झाले.

माल मात्र पातळ निघाला. पुण्यात ज्यांनी ऐकले त्यांनी जिल्ह्याला सांगितले, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. दुधाचे ताक आणि ताकाचे पाणी होत होत कन्याशाळेच्या बाईपर्यंत पोहोचेपर्यंत तोंड ओले होण्यापुरते उरे. पुढे सर्व शिक्षा अभियानाने वर्षाला वीस दिवसांचे प्रशिक्षण ठरविले. २०२० च्या धोरणाने ५० तास ठरविले. दिवस मोजले, तास मोजले. काय शिकवावयाचे हे शाळेतल्या बाईला विचारले असते तर तिने वेगळी यादी दिली असती.

ती यादी मी ऐकली आहे, ती सांगतो. आपल्या भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. घरात वयात आलेली मुलगी असेल तर ती मागे एकटी कशी ठेवायची, हा आईबापाचा खरा प्रश्न. आणि तिचे लग्न लावले की एक नवा कोयता तयार होतो, हा मुकादमाचा हिशेब. या लग्नांना लोक गेटकेन म्हणतात. ऊस सरळ कारखान्याच्या गेटावर न्यावा तशी मुलगी. सातवीच्या वर्गातली मुलगी दसऱ्याच्या आधी गप्प होते. हे प्रथम कोणाला कळते? आईला नव्हे, पोलिसाला नव्हे, बाईंना. मग बाईंनी काय करावे? बालविवाहाचा २००६ चा कायदा कोठे लावावा, ग्रामसेवकाला कसे सांगावे, तक्रार केल्यावर त्याच गावात दुसऱ्या दिवशी शाळा कशी उघडावी, मुलीला हंगामी वसतिगृहात ठेवण्यासाठी बापाची समजूत कशी घालावी, मार्चमध्ये परतलेल्या मुलीचे बुडालेले गणित कसे भरून काढावे. एक बाई मला म्हणाल्या, भाऊ, मला प्रशिक्षणात मूल्यमापनाचे नऊ प्रकार शिकविले. मुलीच्या बापाशी उंबऱ्यात उभे राहून काय बोलायचे ते नाही शिकविले. ते त्या आपल्याआपण शिकल्या, दोन मुली गमावून.

अशा बाया एकमेकींना भेटल्या तर त्यातून जे शिक्षण होते त्याला तोड नाही. आमच्या कारखान्यातही नवा फिटर जुन्याच्या हाताखालीच पक्का होई. पण भेटायचे कधी? मागे एका तालुक्याच्या ठिकाणी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण लागले होते. पत्र्याखाली शंभरावर माणसे, बायांसाठी एकच संडास आणि तोही कुलूपबंद. एक बाई सहा महिन्यांचे मूल सासूकडे देऊन आत बसलेली, सासू बाहेर लिंबाखाली. मूल रडले की बाई उठे, आणि हजेरी घेणारा म्हणे, बाई, तुमचा अर्धा दिवस लावू का? मी तेथे दुसऱ्याच कामाला गेलो होतो. त्या माणसाशी माझे भांडण झाले. भांडणात मी जिंकलो, पण त्या बाईंची पुढची बदली लांबची झाली. याचा आणि त्याचा संबंध मला सिद्ध करता येत नाही, म्हणून अधिक बोलत नाही.

पगाराचेही सांगितले पाहिजे. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर ठेवण्याची रीत या राज्याने २००० साली सुरू केली. प्राथमिकचे हे मानधन कितीतरी वर्षे महिना ६,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,००० झाले. सहा हजारांत खोलीचे भाडे, एसटी, आणि घरी धाडायचे पैसे. जोतीरावांचे १२ रुपये १८८२ चे होते. त्या बारांत आणि या सहा हजारांत अधिक कोणते, हा हिशेब मी एकदा आमच्या अभ्यासवर्गात घातला होता. ज्वारीच्या भावाने, तोळ्याच्या भावाने, दोन्ही बाजूंनी. पोरे हसली. वर्गात दोन शिक्षणसेविका होत्या, त्या हसल्या नाहीत.

आणि आता थापटी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहे त्या जुन्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा, जिला आपण टीईटी म्हणतो, दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागेल. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून आहे. त्याआधी लागलेल्यांना ती तोवर लागू नव्हती. निकालानंतर राज्यभर शिक्षक रस्त्यावर आले. माझ्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे, परीक्षाच नको. मला ते पटत नाही, आणि हे मी त्यांच्या सभेतही बोललो. मुलीच्या बाजूने पाहिले तर बाई पक्की असलीच पाहिजे. मुक्ताईचा तो हक्क आहे. पण सत्तेचाळीस वर्षांची बाई, जिने वीस वर्षे कन्याशाळा ओढली, मतदार याद्या केल्या, खिचडीचे हिशेब ठेवले, जिला कोठारींनी सांगितलेले दोन महिने एकदाही मिळाले नाहीत, तिच्या डोक्यावर थापटी मारताना तिला औंढ्याला जायला वेळ कोणी द्यायचा? आणि थापटी धरणाऱ्याच्या हाताला माती लागलेली आहे काय?

आमच्या युनियनच्या कचेरीत हल्ली दर रविवारी वर्ग भरतो. तेथे एक जुना फळा आहे, हरताळाच्या वेळी त्यावर आम्ही वर्गणीचे आकडे लिहीत असू. नऊ-दहा बाया येतात. कोणी परंड्याहून पहाटेच्या गाडीने, कोणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर. बालमानसशास्त्राचा भाग एक निवृत्त मुख्याध्यापिका घेतात. गणित घेते एक बी.एस्सी. झालेली मुलगी, ती माझी भाची, त्याच चौथीत घरी बसलेल्या बहिणीची. बहीण कधी कधी डबा घेऊन येते आणि मागच्या बाकावर बसते. परवा एक उदाहरण फळ्यावर अडले होते, कामकाळाचे. आठ माणसे अमुक दिवसांत, तर सहा माणसे किती दिवसांत, त्या प्रकारचे. बाया वहीत सूत्र शोधत होत्या. बहिणीने मागूनच उत्तर सांगितले.

त्या बायांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला आहे. परीक्षेपूर्वी दोन महिने पूर्ण पगारी अभ्यासरजा आणि त्या काळात शाळेला बदली शिक्षिका, एवढीच मागणी आहे. त्याला आधार म्हणून मी कोठारी आयोगाची ती शिफारस आणि १९६६ चा तो ठराव जोडला, आणि रमाबाईंच्या साक्षीची एक प्रतही. कारकुनाने विचारले, हा तिसरा कागद कशाला? मी म्हटले, राहू द्या. अर्जाची पोच मिळाली आहे.